नागपुरात राहून ऑर्केस्ट्रा कंडक्टर व्हायचंय? मग काडी घ्यायच्या आधी हे वाचा

सगळ्यात आधी सांगतो, ती काडी विकत घेऊ नका. बॅटन म्हणतात तिला, कंडक्टर हातात धरून ऑर्केस्ट्राला इशारे देतो ती. ऑनलाइन मिळते, आणि घरी आली की पोट्टं आरशासमोर उभं राहून स्पीकरवर सिम्फनी लावते अन् हात हलवत बसते. त्याचा उपयोग शून्य. रेकॉर्डिंग काही तुमच्या हातावर चालत नाही, तुमचा हात रेकॉर्डिंगमागे धावत असतो, म्हणजे बरोब्बर उलटी सवय लागून राहिली नं, आणि ती नंतर मोडताना मास्तरचा जीव जातो. काडीची गरज पाचसहा वर्षांनी. तोपर्यंतचं बहुतेक काम नागपुरात बसून होतं, तेच खाली लिहून राहिलो.

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी आईवडील विचारतात की भाऊ, आमच्या पोराने झुबिन मेहताचा व्हिडिओ पाहिला, आता त्याला तेच व्हायचंय, तर धरमपेठेत, लक्ष्मीनगरात कुठं क्लास आहे का. असा क्लास नसतो बाप्पा. कंडक्टिंग हा विषय पहिल्या दिवसापासून शिकायचा नाहीच, तो संगीत येणाऱ्या माणसाने पुढे शिकायचा विषय आहे. तुम्हाला बघायचंच असेल तर मेहतांचं करिअर बघा, पण गाजलेल्या कॉन्सर्टची यादी बघू नका, कशानंतर काय झालं तो क्रम बघा.

जन्म मुंबईत १९३६ चा. वडील मेहली मेहता व्हायोलिनवाले, बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा त्यांनीच उभा केला, म्हणजे घरातच तालीम चालायची आणि पोरगा सोळाव्या वर्षी त्या ऑर्केस्ट्राची तालीम घ्यायला उभा राहायचा. तरी घरच्यांचं म्हणणं काय, तर डॉक्टर हो! झेवियर्सला मेडिकलच्या आधीचा कोर्स घेतला होता त्याने, तो सोडून १९५४ मधे अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेला. (आपल्याकडच्या नीटच्या क्लासेसवाल्यांनी हे वाचू नये, आणि पोट्ट्यांनीही ह्यातून लगेच नीट सोडायचं असा अर्थ काढू नये, त्याच्या मागे सोळा वर्षांची घरातली तालीम होती.) तिथं हान्स स्वारोव्स्की गुरू. महिन्याला ७५ डॉलरमधे भागवायचं. आणि तिथं तो वाजवत काय होता, तर डबल बास, म्हणजे ऑर्केस्ट्रात मागे उभं राहून सगळ्यात खालचे सूर. क्लाउडिओ अबाडो त्याचा वर्गमित्र, पुढे तोही जगप्रसिद्ध झाला. ह्या दोघांना करायानसारख्या मोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायच्या होत्या पण आत सोडत नव्हते, तर दोघे सरळ कॉयरमधे, म्हणजे गायकांच्या समूहात भरती झाले, बेस म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजात गात गात समोरून कंडक्टरचा हात बघायचे. ही आयडिया लक्षात ठेवा, खाली पुन्हा लागेल.

मग १९५८ मधे लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, बक्षीस काय तर तिथल्या ऑर्केस्ट्रात वर्षभर असिस्टंटगिरी. त्यानंतर दोन माणसं आजारी पडली. १९६० मधे माँट्रियलला इगोर मार्केविच येऊ शकले नाहीत, १९६१ मधे लॉस एंजेलिसला फ्रिट्झ रायनर येऊ शकले नाहीत, दोन्हीकडे ऐनवेळी ह्याला उभं केलं, आणि दोन्हीकडे पुढे नोकरी मिळाली. लॉस एंजेलिसचा किस्सा तर भारीच आहे, तिथं आधी जॉर्ज शोल्टींना म्युझिक डायरेक्टर नेमलेलं होतं, व्यवस्थापनाने त्यांना न विचारता मेहताला असिस्टंट नेमून टाकलं, शोल्टी भडकले, पद सोडलं, आणि ते पद सव्वीस वर्षांच्या मेहताच्या पदरात. १९६२ ते १९७८ तो तिथं होता. मग न्यूयॉर्क फिलहार्मोनिक १९९१ पर्यंत, इस्रायल फिलहार्मोनिकशी तर पन्नास वर्षांचं नातं, २०१९ मधे निवृत्त झाले. ऑपेरात फ्लॉरेन्सचं थिएटर १९८५ पासून तीसेक वर्षं, म्युनिकचं बव्हेरियन स्टेट ऑपेरा १९९८ ते २००६. रोमला १९९० मधे ते तीन टेनर एकत्र गायले होते तेव्हा समोर हाच.

आता ह्यात नशीब कुठं होतं आणि तयारी कुठं होती ते वेगळं करा. दुसरा माणूस आजारी पडणं हे नशीब. पण ऐनवेळी फोन आला तेव्हा तो कार्यक्रम डोक्यात तयार असणं, ही तयारी. अमेरिकेचा कंडक्टर बर्नस्टाइन, त्याचंही तसंच, १९४३ मधे ब्रुनो वॉल्टर आजारी पडले आणि तालमीशिवाय उभा राहिला. इटलीचा तोस्कानिनी तर १८८६ मधे रिओला चेलो वाजवायला गेलेला, कंडक्टरवरून भांडण झालं आणि एकोणीस वर्षांच्या ह्या पोराला पुढे ढकललं, त्याने आख्खा ऑपेरा पाठ म्हणून दाखवल्यासारखा केला. तिघांचीही काडी नंतर आली, आधी स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेलं पुस्तक, डोक्यात होता. म्हणून नागपूरच्या पाचसहा वर्षांत आपल्याला करायचं ते एवढंच की स्कोअर डोक्यात उतरवता येईल असा माणूस तयार करायचा.

वाद्यापासून सुरू करा. एक वाद्य नीट, आणि सोबत पियानो, कामापुरता का होईना. वाद्य कोणतं ह्यावर लोक उगाच डोकं खातात. माझं मत, तारवाद्य घ्या, कारण ऑर्केस्ट्रात निम्म्याहून जास्त माणसं तारवाली असतात आणि बो म्हणजे गज वर जायचा की खाली, हे ज्याला कळत नाही त्याला ती माणसं पहिल्या तासात ओळखतात. पियानोसाठी घरी पियानोच पाहिजे असं काही नाही, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा डिजिटल चालतो. एकसष्ट पट्ट्यांचा कॅसिओ मात्र पुढे कमी पडतो, आणि त्यातले ते रेडिमेड ताल तर बंदच ठेवा. परीक्षा द्यायची तर ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम ह्या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळांच्या ग्रेड्स द्या, एबीआरएसएमची पाचव्या ग्रेडपर्यंतची थिअरी ऑनलाइन होते, आणि त्यांची पाचवीची थिअरी (किंवा त्यांनी मान्य केलेली पर्यायी पाचवीची परीक्षा) झाल्याशिवाय सहावीच्या प्रॅक्टिकलला बसता येत नाही हे आधीच माहीत असू द्या, नाहीतर ऐनवेळी पळापळ होते.

व्हायोलिन घेणाऱ्यांसाठी खास नागपुरी सूचना. एप्रिल-मेमधे इथली हवा इतकी कोरडी होते की खुंट्या आपोआप ढिल्या पडतात, सकाळी लावलेलं वाद्य दुपारी उतरलेलं. मग माणूस काय करतो, कूलरसमोर बसून रियाज करतो. कूलरचा दमट झोत सरळ लाकडावर! खुंट्या फुगून अडकतात, जास्त झालं तर चिकटवलेले सांधे सुटतात. कूलर दुसऱ्या खोलीत ठेवा, वाजवून झालं की व्हायोलिन केसमधे बंद, आणि उन्हात उभ्या कारच्या डिकीत तर चुकूनही ठेवू नका.

कान. इथं आपल्या पोरांचा फायदाही आहे आणि तोटाही. जे पोट्टं लहानपणी पेटीवर सरगम गायलं त्याला सुरांमधलं अंतर पटकन कळतं, सा ते प म्हणा, सा ते कोमल ग म्हणा, लगेच गातं. तोटा असा की आपला सा कुठंही सरकतो, काळी एक, काळी चार, गळ्याप्रमाणे. ऑर्केस्ट्रात सूर जागचा हलत नाही, ओबोवाला ए वाजवतो, साधारण ४४० चा, आणि सगळे त्याला लावतात. म्हणून ट्युनिंग फोर्क घ्या, मोबाइलवरचं अॅप पण चालेल, दिवसातून चारपाच वेळा, सीताबर्डीच्या गर्दीत मेट्रोची वाट बघताना का होईना, आधी मनात ए गायचा आणि मग फोर्क लावून बघायचा. काही महिन्यांत सूर डोक्यात बसायला लागतो. त्यानंतरची पायरी म्हणजे एकाच वेळी दोन ओळी, एक गायची आणि दुसरी पियानोवर वाजवायची. हे कठीण आहे आणि प्रवेश परीक्षांमधे हेच विचारतात.

आता स्कोअर, आणि इथं मी जरा जास्त बोलणार. आयएमएसएलपी नावाची साइट आहे, कॉपीराइट संपलेल्या हजारो रचनांचे स्कोअर फुकट आहेत तिथं. बेथोव्हनची पाचवी सिम्फनी काढा, प्रिंट करा, स्क्रीनवर नका बघू, पेन्सिलीने लिहायचंय. पानावर वरून खाली क्रम ठरलेला असतो, वर लाकडी फुंकवाद्यं म्हणजे फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून, मग हॉर्न ट्रम्पेट, मग टिम्पनी म्हणजे मोठे नगारे, आणि सगळ्यात खाली तारवाद्यं. आता पहिल्या पानावर बघा, ते जगप्रसिद्ध ट-ट-ट-टा नेमकं कोण वाजवतंय? बहुतेकांना वाटतं आख्खा ऑर्केस्ट्रा. नाही! फक्त तारवाद्यं आणि क्लॅरिनेट. तुम्ही हजार वेळा ऐकलं असेल पण क्लॅरिनेट कधी ऐकू आला होता का? स्कोअर वाचायचा तो ह्यासाठी.

अजून गंमत. क्लॅरिनेटच्या ओळीत जे लिहिलंय ते वाजत नाही. तो बी-फ्लॅटचा क्लॅरिनेट आहे, त्याने सी वाजवला की ऐकू येतो बी-फ्लॅट. हॉर्न ई-फ्लॅटमधे लिहिलेत, त्यांचा हिशोब वेगळा. व्हायोलाची क्लेफ, म्हणजे कोणत्या रेघेवर कोणता सूर ते सांगणारी खूण, तिसरीच. हे सगळं एकदम वाचत पियानोवर वाजवणं ह्याला स्कोअर रीडिंग म्हणतात. एकदम जमणार नाही, आधी फक्त तारवाद्यांच्या ओळी, मग क्लॅरिनेट घाला, मग हॉर्न. प्रत्येक ओळ गाऊन बघायची, सरगममधे गायली तरी चालेल, कोणी मारणार नाही. आणि ट्रॉम्बोन, पिकोलो, काँट्राबासून हे तिघं शोधा कुठं आहेत. पहिल्या तीन भागांत सापडणारच नाहीत, ते थेट चौथ्या भागात येतात. तोपर्यंत ती माणसं स्टेजवर गुमान बसून असतात, आणि एवढ्या वेळाने त्यांना आत घ्यायचं म्हणजे कंडक्टरने आधी एक नजर टाकायलाच पाहिजे. स्कोअरवर तिथं पेन्सिलीने चष्म्याची खूण करतात बरेच जण, इकडे बघ म्हणून. एक स्कोअर असा दोन-तीन महिने चघळला की मग रेकॉर्डिंग ऐका. आधी ऐकलं की दुसऱ्याचा वेग तुमच्या डोक्यात चिकटून बसतो.

हाताचं तंत्र खरं तर थोडक्यात आहे. चारच्या मापाला खाली, डावीकडे, उजवीकडे, वर. तीनला खाली, उजवीकडे, वर. दोनला खाली-वर. उजवा हात माप आणि वेग, डावा हात आवाज कमी-जास्त आणि कोणाला आत घ्यायचं ते. एका दुपारी पाठ होतं, आणि त्यानंतर आयुष्यभर जमत नाही, कारण खरी भानगड पहिल्या मात्रेच्या आधीच्या मात्रेत आहे. आपण ताल हाताने देतो तेव्हा टाळी समेवरच पडते. कंडक्टरचा हात मात्र समेच्या आधी सगळं सांगून मोकळा झालेला पाहिजे, वेग किती, आवाज किती, सूर तोडून वाजवायचा की ओढून, हे सगळं त्या आधीच्या एका श्वासात. पाचव्या सिम्फनीची सुरुवात कंडक्टरांना घाम फोडते ती ह्याच्यामुळे, तिथं पहिला सूर मात्रेवर नाहीच, आधी बारीकसा विराम आहे, म्हणजे हात खाली येतो तेव्हा शांतता आणि सूर त्यानंतर. लग्नाच्या वरातीत धुमालचा लीडर नुसती मान झटकतो आणि आख्खी पार्टी एका ठोक्यावर थांबते नं, त्याने मान ठोक्याच्या आधी झटकलेली असते, पुढच्या वेळी नाचायच्या ऐवजी तेवढं बघा.

चांगले हात बघायचे तर कार्लोस क्लायबर ह्या कंडक्टरची स्टुटगार्टमधली १९७० ची तालीम चित्रित केलेली आहे, शोधून बघा. मैफल बघू नका, तालीम बघा. एकदा आवाज बंद करून बघा. ऑपेरासाठी ऑपेराव्हिजन ही साइट फुकट आहे.

प्रत्यक्ष ऐकण्याला मात्र पर्याय नाही. आपल्याकडे वसंतराव देशपांडे सभागृह आहे, सुरेश भट सभागृह आहे, पण त्या स्टेजवर पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्रा काही रोज येत नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी मुंबई. तिथल्या एनसीपीए ह्या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मधे सुरू झाला, त्यांचे सीझन साधारण सप्टेंबर आणि फेब्रुवारीच्या आसपास असतात. रात्रीची दुरांतो धरली की सकाळी सीएसएमटी, तिथून नरिमन पॉइंट जवळच. तिकीट काढताना समोरचं महागडं घेऊ नका, बाजूचं किंवा वरचं घ्या, जिथून कंडक्टरचा चेहरा थोडा तरी दिसेल.

आता करायान बघायची ती ट्रिक. कोणत्यातरी मोठ्या समूहात आतून घुसा. नागपुरात हे शक्य आहे, लोकांना सुचत नाही एवढंच. सदरच्या बाजूच्या चर्चमधे कॉयर आहेत, नाताळाच्या आधी चार आवाजांत गाणारी माणसं त्यांना हवीच असतात, जा, विचारा, शिस्तीत जा. दुसरं म्हणजे कामठी. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र तिथं आहे, मिलिटरी बँडची परंपरा आहे, आणि फौजेतून रिटायर झालेले बँडवाले ह्या भागात राहतात, ते नोटेशन वाचतात. ह्या लोकांना संगीत शिकवणारी फौजेची शाळा म्हणजे मिलिटरी म्युझिक विंग पचमढीला आहे, आपल्याकडून एका रात्रीच्या अंतरावर, आणि तिथं बँडमास्टर तयार होतात. आपल्या मध्यमवर्गीय घरात बँडवाला म्हटलं की नाक मुरडतात, पण ट्रान्सपोझिशन, म्हणजे वर सांगितलेला तो क्लॅरिनेटचा हिशोब, काय असतो हे कामठीच्या रिटायर्ड हवालदाराला विचारा, चहा संपायच्या आत समजावून देईल.

आणि इथंच तुमचा पहिला ऑर्केस्ट्रा आहे. चातुर्मासात लग्नं नसतात, बँडवाले रिकामे असतात. दोन क्लॅरिनेट, एक ट्रम्पेट, एक युफोनियम (खालच्या सुरांचं पितळी फुंकवाद्य) गाठा, त्यात तुमच्या क्लासमधले दोन व्हायोलिनवाले आणि एक फ्लूट घाला. सातआठ माणसं पुष्कळ झाली. पैसे द्या, फुकट बोलावू नका, आणि पोहे-चहा वेगळा. एखादा अभंग घ्या आणि ह्या सातआठ वाद्यांसाठी स्वतः लिहून काढा, प्रत्येकाचं पान वेगळं, क्लॅरिनेटचं त्याच्या हिशोबाने वर सरकवून. पहिल्या दिवशी भयंकर वाजणार, त्यात अर्धं कारण तुमचं लिखाण असणार, घरी जाऊन दुरुस्त करा. इथं सगळ्यात मोठी गोष्ट कळते ती म्हणजे तोंड कमी चालवायचं. दर चार मात्रांनी थांबवून भाषण दिलं की चाळीस वर्षं वाजवणारा माणूस तुमच्याकडे बघणं सोडतो. थांबवलं तर एकच गोष्ट सांगा, कुठून सुरू करायचं ते सांगा, आणि सुरू करा. वयाने मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर चूक दाखवताना "काका, तिथं जरा पुन्हा घेऊ या का" एवढं पुरतं, त्याला कळलेलं असतं.

ऑपेराचं वेगळं सांगावं लागेल कारण तो रस्ता वेगळा आहे. ऑपेरात शेकडो गोष्टी एकाच वेळी चालतात, तुम्ही स्टेजपुढच्या ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात, गायक वर स्टेजवर लांब, मधे उजेड नाही, गायकाचा श्वास संपला की त्याच्यासाठी ऑर्केस्ट्रा थांबवायचा आणि पुढच्या ओळीला धरून आणायचा. जर्मनी-ऑस्ट्रियात ह्याची जुनी वाट म्हणजे रेपेटिटर, म्हणजे गायकांना पियानोवर वाजवून भूमिका बसवून देणारा माणूस. मोठ्या कंडक्टरांपैकी शोल्टी तिथूनच आले, पप्पानो तिथूनच, टीलेमान तिथूनच. म्हणजे वर पियानो सांगितला तो उगाच नाही. नागपुरात ह्याची प्रॅक्टिस? गाणाऱ्या माणसाला साथ द्या. कोणालाही, नाट्यगीत का असेना. गायक कुठं श्वास घेणार ते त्याच्या खांद्यावरून ओळखायला शिका, हे कौशल्य सगळीकडे चालतं. आणि भाषा. जर्मन आत्तापासून लावा, ऑनलाइन भरपूर आहे, गोएथे इन्स्टिट्यूटची परीक्षा पुण्याला किंवा मुंबईला देता येते. इटालियन निदान वाचता आलं पाहिजे, कारण पानावर शब्द आहेत आणि सूर त्या शब्दांसाठी लिहिलेत.

बाहेर शिकायला कधी जायचं? बारावीनंतर लगेच गेलं तरी चालतं, इथं पदवी करून गेलं तरी चालतं, ह्या धंद्यात पस्तिशीचा माणूसही पोरगाच समजतात. पण मोठ्या स्पर्धांना वयाची अट असते, मग फ्रान्सची बझाँसाँ असो, कोपनहेगनची माल्को असो की बाम्बर्गची माहलर. ओझावा १९५९ मधे बझाँसाँला जिंकला, दुदामेल २००४ मधे बाम्बर्गला, आणि दोघांच्याही करिअरची गाडी तिथून सुटली. पोरींसाठी पूर्वी ही वाट जवळजवळ बंदच होती, आता तसं नाही, पॅरिसला २०२० पासून फक्त बायकांसाठी ला मायस्त्रा ही स्पर्धा आहे. आणि हो, मारिया बाडस्टू नावाची डॅनिश कंडक्टर आहे, तिचा जन्म आपल्या पंढरपूरचा, वाढली डेन्मार्कमधे. पैशांचं बोलायचं तर व्हिएन्ना आणि जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांची फी अमेरिकेच्या मानाने फार कमी, खर्च होतो तो राहण्याखाण्याचा. जागा मात्र अगदी मोजक्या, त्यामुळे एकाच ठिकाणी अर्ज करून वाट बघत बसू नका.

अर्जासोबत व्हिडिओ मागतात, आणि इथं आपली पोरं हमखास मार खातात. प्रेक्षकांतून काढलेला कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवतात, ज्यात दिसते ती फक्त पाठ. कॅमेरा वाजवणाऱ्यांच्या बाजूने पाहिजे, तुमचा चेहरा आणि दोन्ही हात कमरेपासून वर स्वच्छ दिसले पाहिजेत. मोबाइल ट्रायपॉडवर, युफोनियमवाल्या काकांच्या मागे, छातीच्या उंचीला. पाठीमागे खिडकी नको, चेहरा काळा पडतो. सलग काढा, कापाकापी करू नका, शेरवानी नको, साधा काळा शर्ट. कार्यक्रमापेक्षा तालमीचं फुटेज चांगलं, तुम्ही थांबवता, काय बोलता, आणि पुन्हा वाजवल्यावर खरंच काही सुधारतं का, परीक्षक तेच बघतात. बोलणं मराठी-हिंदीत असेल तर खाली इंग्रजीत सबटायटल टाका. आणि पंखे बंद करा, नाहीतर सगळ्यांची पानं उडतात.